कॅसिनोच्या गावाला जाताना घड्याळ, पाणी आणि औषधांची पिशवी

गेल्या महिन्यात एक निवृत्त मुख्याध्यापक आणि त्यांच्या पत्नी दवाखान्यात आले. त्या दिवशी नेहमीची तक्रार नव्हती. मुलगा कॅलिफोर्नियात नोकरीला आहे, दोघे पहिल्यांदाच त्याच्याकडे निघाले आहेत आणि तिथे पोचल्यावर आई-वडिलांना चार दिवस लास व्हेगासला न्यायचे असे त्याने ठरवून टाकले आहे. सर म्हणाले, "डॉक्टर, जुगाराचं गाव म्हणतात ते. आम्हाला काय खेळायचंय! रोषणाई बघू, कारंजी बघू आणि परत येऊ. पण हिचं इन्सुलिन आणि माझं ब्लडप्रेशर, यांचं तिथे कसं करायचं तेवढं सांगा."

"आणि मला ते मशीन एकदा फिरवून बघायचंय," बाई हळूच म्हणाल्या. सरांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिले.

आपल्या तालुक्यातूनही आता बरेच आई-वडील मुलांकडे अमेरिकेला जातात. लॉस एंजेलिसहून मोटारीने चार-पाच तासांत लास व्हेगास येते, पुढे ग्रँड कॅन्यनही करता येते, म्हणून ही सहल हमखास होते. तिकिटे, हॉटेल, खेळ यांची व्यवस्था मुले चोख करतात. राहून जाते ती प्रकृतीची व्यवस्था.

हे शहर आहे नेवाडा राज्यातल्या वाळवंटात. या राज्याने १९३१ साली जुगाराला कायदेशीर मान्यता दिली. आज "स्ट्रिप" नावाच्या एकाच रस्त्यावर सुमारे पावणेसात किलोमीटरपर्यंत अवाढव्य हॉटेले उभी आहेत आणि बहुतेकांच्या तळमजल्यावर कॅसिनो आहे. जेवायला जा, खोलीकडे जा, नाटक-सर्कस बघायला जा, वाट बहुधा कॅसिनोतूनच जाते. आत खिडकी सापडत नाही, भिंतीवर घड्याळ दिसत नाही. दुपारचे तीन आणि पहाटेचे तीन सारखेच झगमगीत. गिऱ्हाईक बाहेर पडू नये यासाठी केलेली ही रचना आहे, आणि तो त्यांचा धंदा आहे. आपण मात्र ध्यानात ठेवावे की वेळ विसरला की तहान, झोप आणि गोळीही विसरते. ज्यांना रोज औषध आहे, त्यांना हे महागात पडते.

आधी इन्सुलिनबद्दल, कारण त्यातली चूक जिवावर बेतू शकते. आपल्याकडे मिळणाऱ्या इन्सुलिनच्या बाटलीत बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिट असतात आणि ती घेण्यासाठी लाल टोपणाची ४० युनिटची सिरिंज असते. अमेरिकेत नेहमीच्या बाटलीत एका मिलिलिटरला १०० युनिट असतात. समजा, आपली बाटली फुटली, तिथल्या दुकानातून नवी घेतली आणि आपल्याच लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत भरली, तर अंगात २० नव्हे, ५० युनिट जातात. साखर एकदम खाली येऊन माणूस बेशुद्ध पडेल. उलट, बाटली आपली आणि सिरिंज तिथली असेल, तर २० च्या खुणेला जेमतेम ८ युनिट मिळतात आणि साखर चढत राहते. म्हणून बाटली आणि सिरिंज नेहमी एकाच जोडीची हवी. संपूर्ण मुक्कामाला पुरेल एवढे, वर थोडे जास्तीचे, दोन्ही इथूनच न्यावे. पेन वापरणाऱ्यांना हा घोळ नाही, कारण त्यात युनिट आकड्यानेच फिरवून घ्यायचे असतात.

इन्सुलिन विमानात हातातल्या पिशवीत ठेवावे. मोठी बॅग चुकली तर औषधही गेले, शिवाय सामानाच्या कप्प्यात ते गोठण्याची भीती असते. गोठलेले इन्सुलिन पुन्हा पातळ झाले तरी निकामीच. वाळवंटात याच्या उलट धोका. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत तासाभरातच भट्टी होते. तिथे बाटली विसरू नका. हॉटेलच्या खोलीत जो छोटा फ्रिज असतो, तो अनेक ठिकाणी विकाऊ बाटल्यांनी भरलेला असतो आणि आतली वस्तू नुसती हलवली तरी बिलात आकार लागतो. औषधासाठी वेगळा फ्रिज हवा आहे असे खोली घेतानाच सांगावे.

इंजेक्शन घेऊन जेवायला उशीर, ही तर आपल्या शाकाहारी मंडळींची हमखास अडचण. घरी सुई टोचून पाटावर बसायची सवय. तिथे सुई टोचून खाली उतरायचे, पाऊण तास रांगेत उभे राहायचे आणि मग कळायचे की ताटात घेण्याजोगे काहीच नाही. जेवणाआधीचे इंजेक्शन जेवण नक्की दिसल्यावरच घ्यावे. खिशात ग्लुकोज पावडर किंवा खडीसाखर आणि पर्समध्ये घरचे दोन लाडू असू द्यावेत. हात थरथरले, दरदरून घाम सुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर साखर मोजत बसण्याआधी ती तोंडात टाकावी. कॅसिनोत खेळत बसलेल्याला पुष्कळ ठिकाणी मद्य फुकट आणून देतात. मधुमेह्याने उपाशीपोटी ते घेतले तर साखर उतरण्याचा धोका आणखी वाढतो, आणि आजूबाजूच्यांना वाटते की याला चढली आहे.

आता उन्हाविषयी. आपले आई-वडील बहुधा मे ते सप्टेंबर या काळात जातात, आणि लास व्हेगासचा सर्वांत वाईट काळ नेमका तोच. जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशीच्या वर असणे ही तिथली नित्याची गोष्ट. ७ जुलै २०२४ रोजी तिथे १२० अंश फॅरनहाइट, म्हणजे जवळपास ४९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. चंद्रपूर-नागपूरच्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. पण मे महिन्यात दुपारी बारा वाजता कोणी नागपूरकर सहलीला निघत नाही. मुलाला सांगून मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर साधता आला तर उत्तम. डिसेंबर-जानेवारीत रात्री चांगलीच थंडी पडते, तेव्हा स्वेटर लागेल.

तिथे वर्षाला सरासरी दहा सेंटीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, यावरून हवा किती कोरडी असेल याची कल्पना यावी. कोकणात घाम धारांनी वाहतो, म्हणून पाणी प्यायची आठवण होते. अशा कोरड्या हवेत तो आल्या आल्या उडून जातो, सदरा कोरडाच राहतो आणि माणूस म्हणतो, मला कुठे घाम आला! वय वाढले की तहानेची जाणीवही मंद होते. त्यात ब्लडप्रेशरसाठी लघवी जास्त करणारी गोळी चालू असेल, तर शरीरातले पाणी आणि क्षार दोन्ही कमी होतात. उठून उभे राहताच चक्कर येते आणि माणूस पडतो. तेव्हा तहानेची वाट न पाहता थोडे थोडे पाणी पीत राहावे. लघवी गडद पिवळी होऊ लागली की समजावे, पाणी कमी पडते आहे. जलसंजीवनीची दहा-बारा पाकिटे इथूनच न्यावीत. मात्र हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांना पाणी मोजून सांगितले आहे, त्यांनी जाण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे, आणि लघवीची गोळी परस्पर बंद करू नये.

इमारती इतक्या प्रचंड आहेत की समोरचे हॉटेल हाताच्या अंतरावर वाटते आणि चालायला वीस मिनिटे लागतात. प्रवासासाठी खास नवे बूट घेणे ही आपली आवडती चूक. बूट महिनाभर आधी घेऊन रोज वापरावेत. मधुमेहामुळे तळपाय बधिर झालेल्यांनी पोहण्याच्या तलावाकाठीसुद्धा अनवाणी फिरू नये. तापलेल्या फरशीने आणि डांबराने भाजलेले रुग्ण तिथल्या रुग्णालयांत दर उन्हाळ्यात येतात. बधिर पायाला भाजल्याचे कळत नाही, फोड आल्यावरच दिसते.

ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ लास व्हेगासहून मोटारीने साडेचार तासांवर आणि समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटर उंच आहे, म्हणजे महाबळेश्वरहून बरेच वर. दम्याच्या आणि हृदयाच्या रुग्णांनी तिथे सावकाश चालावे. वाटेत दर दीड-दोन तासांनी उतरून पाय मोकळे करावेत. विमानातही हाच नियम, नाहीतर पोटरीत रक्ताची गुठळी होण्याचा संभव असतो.

वेळेचा हिशेब आधीच कागदावर मांडावा. उन्हाळ्यात आपले घड्याळ लास व्हेगासच्या साडेबारा तास पुढे असते. आपल्याकडे रात्रीचे नऊ, तेव्हा तिथे सकाळचे साडेआठ. कॅलिफोर्नियाची वेळ तीच असल्यामुळे मुलाकडे आठवडाभर राहून मग गेलात तर झोप बरीचशी बसलेली असते. विमानातून उतरून थेट गेलात तर दिवस-रात्र उलटलेली आणि वर तो झगमगाट. मनगटावर घड्याळ हवेच, आणि औषधाच्या वेळेला गजर. कॅसिनोत असा गजर लावणारा माणूस तसा विरळाच!

बाईंच्या मशीनबद्दल. कोणता आकडा लागणार हे त्या यंत्रात दर फेरीला नव्याने ठरते. आधीच्या फेरीशी त्याचा संबंध नाही. "इतका वेळ लागला नाही, म्हणजे आता लागणारच" हा हिशेब चुकीचा आहे. रूलेचे चक्र घ्या. तिथल्या नेहमीच्या चक्रावर १ ते ३६ आकडे आणि दोन प्रकारची शून्ये मिळून ३८ घरे असतात, पण आकडा लागला तर मिळतात पस्तीस पट. म्हणजे लावलेल्या दर शंभर डॉलरमागे सरासरी सव्वापाच डॉलर कॅसिनोकडे राहणार. मटक्याच्या किंवा पणजीच्या मांडवीवरच्या कॅसिनोच्या नादाने संसार उधळलेले आपण पाहिले आहेत. जुगाराचे व्यसन हा जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेला आजार आहे. घरात कोणाला हा नाद पूर्वी लागलेला असेल, तर त्याला या गावाला नेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती फारशी कोणाला ठाऊक नसते. कंपवातावर दिली जाणारी प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारखी औषधे काही रुग्णांत जुगाराची अनावर ओढ निर्माण करतात. आयुष्यात पत्त्याला हात न लावलेली माणसे या औषधांवर असताना पैसे घालवू लागल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली आहेत. हा मनाचा दुबळेपणा नव्हे, औषधाचा परिणाम आहे. असे औषध चालू असेल तर जाण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे, घरच्यांनी लक्ष ठेवावे, पण औषध मात्र आपण होऊन थांबवू नये.

बाईंना मी म्हटले, वीस डॉलर घ्या, ते नाटकाचे तिकीट समजून खेळा आणि संपले की उठा.

धुराविषयी एवढेच की, नेवाडात २००६ साली मतदारांनी धूम्रपानबंदीचा कायदा मंजूर केला, पण कॅसिनोच्या खेळाच्या जागा त्यातून वगळल्या गेल्या. दम्याच्या रुग्णाने फवारा खिशात ठेवावा आणि शक्य तर पूर्ण धूम्रपानमुक्त हॉटेल निवडावे. पार्क एमजीएम हे २०२० पासून तसे आहे.

छातीत दुखू लागले तर काय करायचे, हे मात्र सविस्तर सांगतो. आपली माणसे लाजतात. "चारचौघांत तमाशा नको" म्हणून उठून खोलीवर जाऊन पडतात. लास व्हेगासच्या बाबतीत ही सर्वांत मोठी चूक ठरेल. अमेरिकेतल्या कॅसिनोंत पहारेकऱ्यांना हृदयाला विजेचा झटका देण्याचे छोटे यंत्र वापरायला शिकवले गेले आणि त्याचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. हृदयाची लय बिघडून कोसळलेल्या १०५ जणांपैकी ५६ जण वाचून घरी गेले. ज्यांना कोसळताना कोणी पाहिले आणि तीन मिनिटांच्या आत झटका मिळाला, त्यांत हे प्रमाण शंभरात ७४ होते. तीन मिनिटांहून उशीर झालेल्यांत ४९. यंत्र जवळ, शिकलेला माणूस जवळ आणि छतावरच्या कॅमेऱ्यांतून सगळ्यांवर नजर, म्हणून हे साधले. आपल्या एस.टी. स्टँडवर आणि जत्रेच्या मांडवात अशी सोय झालेली मला पाहायची आहे. तेव्हा छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, एकाएकी घाम असे काही वाटले, तर आहात तिथेच बसा आणि जवळच्या पहारेकऱ्याला सांगा. विसाव्या मजल्यावरच्या बंद खोलीत तुमच्यावर कोणाचीही नजर नसते. तातडीच्या मदतीचा दूरध्वनी क्रमांक ९११.

खोलीत पहिल्यांदा शिराल तेव्हा आपल्या दारापासून जिन्यापर्यंत किती दारे आहेत ती मोजून ठेवा. २१ नोव्हेंबर १९८० रोजी तिथल्या एमजीएम ग्रँड हॉटेलला आग लागून ८५ माणसे दगावली. आग खाली होती; बहुतेक मृत्यू वरच्या मजल्यांवर धुराने झाले. त्यानंतर तिथले नियम पुष्कळ कडक झाले, तरी दारे मोजायला एक मिनिटही लागत नाही. आगीच्या वेळी लिफ्ट वापरायची नाही, हे सर्वांना ठाऊकच आहे.

प्रवासाचा विमा उतरवताना मधुमेह, रक्तदाब, पूर्वीची शस्त्रक्रिया सारे खरे लिहावे. हप्ता वाचवायला आजार लपवला, तर नेमका खर्चाच्या वेळी दावा नाकारला जातो, आणि तिथले रुग्णालयाचे बिल मुलाच्या पगारालाही झेपत नाही.

शेवटी एक कागद. त्यावर इंग्रजीत आपले आजार, औषधांची मूळ नावे, मात्रा, ॲलर्जी आणि मुलाचा फोन नंबर. आपल्या कंपन्यांची नावे तिथे कोणी ओळखत नाही, आणि काही मूळ नावेही वेगळी आहेत: आपले पॅरासिटामॉल ते तिथे ॲसिटामिनोफेन, सालब्युटामॉल ते आल्ब्युटेरॉल, ग्लिबेनक्लामाइड ते ग्लायब्युराइड. गोळ्या मूळ पाकिटातच आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्याव्यात. कागदाच्या तीन प्रती कराव्यात, एक खिशात, एक पर्समध्ये, एक मुलाजवळ.

सरांचा कागद मी त्याच दिवशी करून दिला. बाईंच्या इन्सुलिनच्या ओळीखाली "४० युनिटची बाटली, ४० ची सिरिंज" असे लाल पेनने लिहिले आहे.