दारू सोडायची आहे? एकट्याने झुंजू नका

विहारात पंचशील ग्रहण करताना एक गोष्ट अनेकांनी पाहिली असेल. चार शीले मोठ्याने म्हणणारा एखादा बांधव पाचव्या शीलाला मान खाली घालतो. ओठ हलतात, आवाज निघत नाही. त्याला ठाऊक नसते असे नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, ती त्याला पाठ असते. लेकराच्या डोक्यावर हात ठेवून त्याने शपथही घेतलेली असते. तरी संध्याकाळी पाय गुत्त्याकडे वळतात आणि घरचे म्हणतात, “ह्याला सोडायचीच नाही.”

पुष्कळदा त्याला सोडायची असते, पण सुटत नाही. दारूचे व्यसन हा आजार आहे. शरीराला रोजची सवय लागली की दारू न मिळाल्यावर हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पुन्हा दोन घोट घेतले की बरे वाटते. या चक्रातून शपथेने क्वचितच कोणी बाहेर पडतो.

आधी डॉक्टर

जो माणूस रोज, सकाळपासून पितो, त्याला घरात कोंडून दारू एकदम बंद करू नका. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भास होतात, माणूस भ्रमिष्टासारखा बोलतो. वेळेवर उपचार न मिळाल्यास जीवही जातो. सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्या. तिथे औषधे देऊन दारू सुरक्षितपणे बंद करता येते.

दुसरी सूचना भगिनींसाठी. दारू सोडवण्याची गोळी नवऱ्याला न सांगता चहात किंवा भाजीत मिसळू नका. त्यावर तो दारू प्यायला तर जिवावर बेतू शकते.

मग सोबत

औषधांनी अंगातली दारू उतरते. पण पगाराचा दिवस, हळदीची रात्र, मयतीनंतरचा आग्रह, जुने मित्र, हे सगळे तिथेच असते. त्या वेळी उपयोगी पडतो तो त्याच वाटेने गेलेला माणूस.

१९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात हेच घडले. दारू सोडून काही महिने झालेला एक शेअर दलाल धंद्यात फटका बसल्यावर पुन्हा पिण्याच्या काठावर आला. त्याने गुत्त्याऐवजी दुसरा दारुडा शोधला. तो निघाला एक शल्यचिकित्सक. दोघे तासन्‌तास बोलले. दुसऱ्याला सावरताना आपलीही तलफ ओसरते, हे त्यांना कळले. त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे ‘एए’, उभी राहिली. तिच्या सभा आज महाराष्ट्रातही भरतात.

सभा साधारण तास-दीड तासाची असते. प्रवेश फी नसते. चहा आणि जागेच्या खर्चासाठी पिशवी फिरते, जमेल तेवढे टाकायचे. नसेल तर नाही. अट एकच, दारू सोडण्याची इच्छा. ज्याला बोलायचे तो आपला अनुभव सांगतो. कोणी उपदेश करत नाही. फक्त पहिले नाव सांगायचे, आडनाव कोणी विचारत नाही. आडनावावरून जात हुडकणाऱ्या या देशात ही गोष्ट लहान नाही.

आपल्यातले काहीजण विचारतात, “तिथे देवाचे नाव घेतात, आम्ही कसे जायचे?” एएच्या बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख आहे, हे खरे. पण त्याचा अर्थ ज्याने त्याने आपल्या समजुतीने घ्यावा, अशी मोकळीक तिथेच दिलेली आहे. अनेकजण त्या गटालाच आपला आधार मानतात. प्रार्थनेच्या वेळी शांत उभे राहता येते. चार आर्यसत्ये आणि अष्टांगिक मार्गावर चालणारे ‘रिकव्हरी धर्म’ नावाचे गटही २०१९ पासून अमेरिकेत सुरू झाले आहेत.

गट कसा शोधाल?

• १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन आहे. मन फार खचले असेल तर १४४१६ वर टेलीमानसला रात्री-अपरात्रीही फोन करा.

• सरकारी रुग्णालयात जवळच्या सभेचा पत्ता विचारा. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या केंद्रांत उपचारानंतरही पाठपुरावा केला जातो.

• वस्तीत लोक बघतील अशी लाज वाटत असेल तर दोन स्टेशने पलीकडच्या सभेला जा.

• एका सभेवरून मत बनवू नका. निदान चार वेळा जा. जमले नाही तर दुसरा गट पाहा.

• तिथल्या जुन्या सभासदाचा नंबर घ्या आणि तलफ आली की पिण्याआधी फोन करा.

• घरच्यांसाठी अल्-अनॉन हे वेगळे गट आहेत. नवरा सभेला जात नसला तरी बायको जाऊ शकते.

• पिणाऱ्या स्त्रियाही असतात. लाजेपायी त्यांचा आजार झाकू नका. त्यांनाही हीच वाट खुली आहे.

मधेच कोणी पुन्हा प्यायला तर “गेलं सगळं पाण्यात” म्हणू नका. दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा सभेला पाठवा. हिशेब आजच्या दिवसाचा ठेवायचा: आज घेतली नाही, एवढे पुरे.

विहार समित्यांना एक विनंती. आठवड्यातून एक संध्याकाळ विहाराची खोली अशा गटाला द्या. भाषण नको, फोटो नको, नावांची यादी नको. चटई अंथरा, चहा ठेवा आणि दार लोटून घ्या.