तीन महिन्यांसाठी आलेली फौज

सायप्रसमधल्या शांतिसेनेची मुदत जानेवारी २०२५ मध्ये सुरक्षा परिषदेने आणखी एका वर्षाने वाढवली. आपल्या हुपरीच्या चांदीपेठेत या बातमीची चर्चा झाली नाही. पण या सेनेचे दुसरे सेनापती होते थिमय्या, आणि त्यांचे जुने सोबती शंकरराव पांडुरंग पाटील थोरात हे आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या वडगावचे.

ब्रह्मदेशातल्या कांगॉच्या लढाईत, १९४५ साली, दोघे एकाच ब्रिगेडमध्ये आपापल्या पलटणी घेऊन लढले. १९५३ मध्ये कोरियात पुन्हा गाठ पडली. कोरियन युद्धातल्या, मायदेशी परतायला नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक युद्धकैद्यांचा ताबा भारतीय फौजेकडे होता. फौजेचे प्रमुख थोरात, तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष थिमय्या. एकदा कैद्यांनी एका भारतीय मेजरला कुंपणाआड डांबून ठेवलं. थोरात स्वतः आत शिरले, खवळलेल्या जमावाशी बोलत राहिले आणि त्याला सोडवून घेऊन आले. पुढे त्यांना अशोकचक्र (वर्ग दोन) मिळालं. मायदेशी परतावं म्हणून कैद्यांची समजूत घालण्याची मुदत वाढवा, असा एका बाजूचा आग्रह होता. दुसरी बाजू राजी नव्हती. मुदत वाढली नाही. १९५४ च्या सुरुवातीला आपली पोरं परतीच्या वाटेला लागली.

सायप्रसमध्ये उलटं घडलं. ग्रीक आणि तुर्की सायप्रसवासीयांमधला रक्तपात थांबवायला मार्च १९६४ मध्ये सेना मंजूर झाली, ती तीन महिन्यांसाठी. प्रेमसिंग ग्यानी पहिले सेनापती, मग थिमय्या. १८ डिसेंबर १९६५ ला थिमय्या तिथेच, पदावर असताना गेले. १९७४ मध्ये तुर्की फौज उतरली आणि बेट दुभंगलं, तेव्हाही सेनापती भारतीयच होते, दिवाण प्रेमचंद. दोन्ही भागांच्या मधला, शांतिसेनेच्या देखरेखीखालचा पट्टा आज १८० किलोमीटर लांब आहे.

कोरियातलं काम ठरलेलं होतं, म्हणून ते संपलं. सायप्रसमध्ये पुढाऱ्यांनी करायचं काम सैनिकांच्या गळ्यात पडलं आहे. २००४ च्या सार्वमतात तुर्की भागाने एकीकरणाला होकार दिला, ग्रीक भागाने नकार. २०१७ मध्ये स्वित्झर्लंडमधली बोलणीही फिसकटली.

तरीही मुदतवाढीला निव्वळ वेळकाढूपणा म्हणणं मला पटत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये पट्ट्यातल्या पिला गावाजवळ तुर्की बाजूने रस्ता काढायला घेतला. अडवायला गेलेल्या शांतिसैनिकांनी मार खाल्ला, पण दोन्ही बाजूंच्या फौजा एकमेकींना भिडल्या नाहीत. ऑक्टोबरमध्ये त्या रस्त्याबाबत समझोता झाला.