लक्ष्या: चाहत्यांच्या आठवणीतला आणि त्यापलीकडचा

विनोदी अभिनेते लक्ष्मीकांत बेर्डे यांचे १६ डिसेंबर २००४ रोजी मुंबईत मूत्रपिंडाच्या विकाराने निधन झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे ५० होते. तरीही सिडकोने १९७० नंतर वसवलेल्या नवी मुंबईत, गिरगाव-परळच्या चाळी सोडून वाशी-नेरूळला आलेल्या मराठी घरांत, त्यांच्या पश्चात जन्मलेली मुलेही त्यांना ‘लक्ष्या’ म्हणूनच ओळखतात.

ही ओळख पिढ्यान्‌पिढ्या टिकते ती मुख्यतः दूरचित्रवाणीमुळे, कारण ‘धूमधडाका’ (१९८५), ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) आणि ‘झपाटलेला’ (१९९३) हे चित्रपट घराघरांत इतक्यांदा लागले आहेत की पुढचा संवाद पडद्याआधी प्रेक्षकच म्हणून मोकळे होतात. मात्र पाठांतराने संवाद टिकतो, अभिनय दिसेनासा होतो. ‘बनवाबनवी’त भाड्याच्या खोलीसाठी त्यांच्या परशुरामाची ‘पार्वती’ होते आणि प्रकरण थेट तिच्या डोहाळेजेवणापर्यंत जाते, त्या प्रसंगात बेर्डे लाजण्यातला लाडिकपणा आणि पकडले जाण्याची धास्ती एकाच चेहऱ्यावर खेळवतात. ‘झपाटलेला’मध्ये तर समोर शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांचा तात्या विंचू हा बाहुला असतो, त्यामुळे त्याची दहशत प्रेक्षकांना खरी वाटते ती बरीचशी लक्ष्याच्या भेदरलेल्या डोळ्यांमुळे. या अभिनयाच्या मुळाशी आहे ते नाटकवाले ज्याला टायमिंग म्हणतात ते, म्हणजे वाक्य नेमक्या क्षणी टाकण्याचे आणि तितक्याच नेमकेपणाने थांबण्याचे कसब. ते ‘टूरटूर’सारख्या नाटकांतून, समोरच्या प्रेक्षकांच्या हशाचा अंदाज घेत घडले होते.

चाहत्यांच्या या प्रेमातून एक चित्रपट मात्र निसटतो, आणि तो निसटावा हे खरोखर दुःखाचे आहे. जब्बार पटेल दिग्दर्शित आणि पु. ल. देशपांडे लिखित ‘एक होता विदूषक’मध्ये (१९९२) बेर्डे यांनी आबूराव हा सोंगाड्या, म्हणजे तमाशात हजरजबाबी विनोदाने फड रंगवणारा कलावंत, साकारला. तमाशाच्या फडातून चित्रपटात आणि तिथून राजकारणात पोचलेल्या या माणसाचे स्वतःचे हसू वाटेत हरवत जाते, आणि ते हरवणे बेर्डे एरवीची धावपळ पूर्ण बाजूला ठेवून, संथपणे दाखवतात. व्यावसायिक यश या चित्रपटाला लाभले नाही. लक्ष्याला पाहायला आलेल्या प्रेक्षकांना पडद्यावर लक्ष्मीकांत बेर्डे भेटले, आणि या बेर्डे यांना पाहण्याची तयारी तेव्हा कोणाचीच नव्हती.