हक्काचा कागद : माजी सैनिकांचे अपंगत्व निवृत्तिवेतन आणि सोबत्यांचे साहाय्य

आपल्या शाळेच्या वसतिगृहातून बाहेर पडून जे विद्यार्थी सैन्यात गेले, त्यांचा उल्लेख आपण प्रत्येक समारंभात अभिमानाने करतो. त्यांची गणवेशातील छायाचित्रे आपल्या कार्यालयाच्या भिंतीवर आहेत. परंतु त्यांच्यातील काही जण ठरलेली सेवा पूर्ण होण्याआधीच घरी परतले. कोणाचा मणका दुखावला, कोणाला तोफखान्यात ऐकू येईनासे झाले, कोणाला झटके येऊ लागले, तर कोणी मनाने खचून परतला. यांच्याविषयी आपण फारसे बोलत नाही. त्यांच्या घरातील लोखंडी पेटीत बहुधा एक पत्र घडी घालून ठेवलेले असते. आपला आजार लष्करी सेवेमुळे उद्भवलेला नाही व सेवेमुळे बळावलेलाही नाही, सबब मागणी नामंजूर, एवढाच त्याचा आशय असतो. ते पत्र म्हणजे अंतिम निकाल, असे समजून अनेकांनी पुढची वीस-वीस वर्षे काढली आहेत.

आम्ही सैनिक नव्हतो. इतिहासाचे शिक्षक आहोत. पण अर्जाचा मसुदा तपासून द्यावा, इंग्रजी पत्राचा अर्थ सांगावा, यासाठी माजी सैनिक आमच्याकडे येत राहिले आणि त्यांच्यातीलच अनुभवी मंडळी आपल्या सोबत्यांचे दावे कसे उभे करतात, हे आम्हांस जवळून पाहता आले. ते पत्र अंतिम नाही आणि त्याला उत्तर देण्याचे काम एकट्याचे नाही, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

हक्क कोणता?

सैनिकाला अपंगत्व निवृत्तिवेतन मिळण्यासाठी मुख्यतः दोन अटी असतात. अपंगत्व लष्करी सेवेमुळे उद्भवलेले किंवा सेवेमुळे बळावलेले असावे, ही पहिली; आणि वैद्यकीय मंडळाने, म्हणजे सैनिकांच्या बोलीतील मेडिकल बोर्डाने, त्याचे प्रमाण २० टक्के वा अधिक ठरवलेले असावे, ही दुसरी. ‘उद्भवलेले’ आणि ‘बळावलेले’ यांमधील ‘किंवा’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. आजार सेवेने निर्माण केला असे म्हणता येत नसले, तरी उंचावरील थंडीने, सततच्या ताणाने वा कष्टाने तो वाढला असेल, तरीही हक्क निर्माण होतो.

या वेतनाचे दोन भाग असतात. पहिला सेवेचा भाग आणि दुसरा अपंगत्वाचा भाग. सामान्य जवानाला सेवानिवृत्तिवेतनासाठी १५ वर्षांची सेवा लागते. मात्र सेवेशी जोडलेल्या अपंगत्वामुळे ज्याला सेवेतून काढण्यात आले, त्याला सेवेच्या भागासाठी ही किमान मर्यादा लागू होत नाही. नवव्या वर्षी घरी पाठवलेल्या जवानाच्या बाबतीत बोर्डाच्या कागदावरील एका शेऱ्याने संपूर्ण आयुष्याचे उत्पन्न ठरते, ते यामुळेच.

अपंगत्वाच्या भागाचा हिशेब उदाहरणाने स्पष्ट होईल. सहाव्या वेतन आयोगापासून १०० टक्के अपंगत्वासाठी शेवटच्या गणनीय वेतनाच्या ३० टक्के असा दर आला आणि कमी अपंगत्वास त्याच प्रमाणात कमी रक्कम. शेवटचे वेतन ४०,००० रुपये धरले, तर १०० टक्क्यांना दरमहा १२,००० रुपये आणि २० टक्क्यांना २,४०० रुपये होतात. पण येथे एक सवलत आहे. ५० टक्क्यांखालील अपंगत्व ५० टक्के, ५० ते ७५ मधील ७५ टक्के आणि त्यावरील १०० टक्के धरावे, असे शासनाच्या ३१ जानेवारी २००१ च्या पत्राने ठरले. सैनिक यास ‘ब्रॉड बँडिंग’ म्हणतात. त्यानुसार आपल्या उदाहरणातील २,४०० रुपयांचे ६,००० रुपये होतात. आरंभी ही सवलत केवळ आजारपणामुळे काढून टाकलेल्यांनाच दिली जाई. ज्यांनी अपंगत्वासह सेवेची मुदत पूर्ण केली, त्यांनाही ती मिळाली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने राम अवतार प्रकरणात १० डिसेंबर २०१४ रोजी मान्य केले. ज्यांना अजूनही २० किंवा ३० टक्क्यांनीच रक्कम मिळते, त्यांनी आपली पेन्शन पेमेंट ऑर्डर एकदा जाणकाराकडून वाचून घ्यावी. युद्धातील जखमेसाठी मिळणारे वेतन स्वतंत्र असून त्याचा दर अधिक आहे.

सिद्ध कोणी करावयाचे?

‘माझा आजार सैन्यामुळेच झाला, हे मी कसे सिद्ध करू?’ हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. १९८२ च्या हक्कविषयक नियमांचे उत्तर सैनिकाच्या बाजूचे आहे. भरतीच्या वेळी नोंदलेला दोष सोडून जवान शरीराने व मनाने सुदृढ होता, असे गृहीत धरावयाचे. पुढे वैद्यकीय कारणाने त्याला सेवेतून काढले, तर प्रकृतीची ती हानी सेवेमुळे झाली, असे मानावयाचे. पुराव्याचा भार दावेदारावर नाही आणि वाजवी शंका उरली, तर तिचा लाभ त्यालाच द्यावयाचा.

नियम असे असतानाही नामंजुरी होत राहिली. धरमवीर सिंग या सिग्नल दलातील जवानाला झटक्यांच्या विकारामुळे सुमारे नऊ वर्षांच्या सेवेनंतर, २० टक्के अपंगत्व ठरवून घरी पाठवण्यात आले व निवृत्तिवेतन नाकारण्यात आले. उच्च न्यायालयात एका न्यायमूर्तींनी त्याच्या बाजूने निर्णय दिला. खंडपीठाने तो फिरवला. अखेर २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्याच्या बाजूने दिला. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नाही आणि तो तेव्हा का लक्षात येऊ शकत नव्हता याची कारणे बोर्डाने दिलेली नाहीत, मग सेवेशी संबंध नाही एवढे म्हणून भागणार नाही, हा त्या निकालाचा गाभा आहे. त्यानंतर असंख्य दावे या निकालाच्या आधारे उभे राहिले. २०१४ मधील सुखविंदर सिंग प्रकरणात न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. ज्या अपंगत्वामुळे जवानाला सेवेतूनच काढावे लागते, ते २० टक्क्यांहून अधिकच मानले पाहिजे.

मात्र येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. २१ सप्टेंबर २०२३ पासून या विषयाचे नवे नियम लागू झाले आहेत. म्हणून दावा हाती घेताना पहिला प्रश्न आजाराचा विचारू नये. सेवेतून बाहेर पडल्याची तारीख विचारावी. जुना निकाल नव्या प्रकरणास जसाच्या तसा चिकटवणारा मदतनीस हिताऐवजी हानीच करतो.

सोबत्याने काय करावे?

अनुभवी माजी सैनिकांची पद्धत आम्ही पाहिली, ती अशी. ते प्रथम कागद मागतात. डिस्चार्ज बुक, शेवटच्या मेडिकल बोर्डाची कार्यवाही, लष्करी रुग्णालयातील दाखल्याचे कागद, जखमेचा अहवाल, नामंजुरीचे पत्र आणि पेन्शन पेमेंट ऑर्डर असल्यास तीही. जे नसेल ते संबंधित रेकॉर्ड ऑफिसकडे मागावयाचे. उत्तर न आल्यास माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली अर्ज करावयाचा. त्या अर्जाला ३० दिवसांची मुदत आहे.

दुसरे काम म्हणजे नेमणुकांचा कालक्रम. कोणत्या साली कोठे, किती उंचीवर, कोणते काम, आजाराचे पहिले लक्षण कोठे दिसले. ही माहिती वकिलास ठाऊक नसते आणि घरच्यांसही नसते. ज्याने स्वतः त्या चौकीवर हिवाळा काढला आहे, तोच विचारू शकतो, ‘अरे, त्या वर्षी आपण वर होतो ना? तेव्हाच तुझे डोके दुखायला लागले होते.’ पुष्कळ जवानांनी आजार लपवलेला असतो. तक्रार केली तर कमकुवत ठरू, बढती जाईल, ही भीती त्यामागे असते. मनाच्या आजाराविषयी तर पत्नीसमोरही तोंड उघडत नाही. जे तो घरच्यांना सांगत नाही, ते सोबत्यास सांगतो. सोबत्याचे खरे साहाय्य येथे सुरू होते.

तिसरे काम अपिलाचे. नामंजुरीनंतर पहिले अपील सहा महिन्यांच्या आत करावयाचे, ते फेटाळल्यास दुसरे अपील, आणि त्यानंतर सशस्त्र सेना न्यायाधिकरण. २००७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या या न्यायाधिकरणाचे एक खंडपीठ मुंबईत आहे. मुदत टळली असली, तरी विलंबाचे कारण नमूद करून दाद मागता येते. निवृत्तिवेतनाचा प्रश्न दर महिन्याला नव्याने निर्माण होतो, ही न्यायालयांची भूमिका आहे. परंतु उशिरा आलेल्या दाव्यांत थकबाकी अनेकदा अर्जापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मिळाली आहे. म्हणून ‘बघू पुढे’ या दोन शब्दांची किंमत फार मोठी असते.

त्याहून मोठे नुकसान कागदाचे आहे. ज्यांना निवृत्तिवेतन मिळत नाही, अशांची सेवापुस्तके २५ वर्षांनंतर नष्ट करण्याचा नियम आहे. म्हणजे ज्याचा हक्क नाकारला गेला, त्याचाच पुरावा आधी जातो. १९९० च्या दशकात परतलेल्यांपैकी कित्येकांची ही मुदत उलटली आहे. अशा वेळी लोखंडी पेटीतील मळका, वाळवीने कुरतडलेला कागदही मोलाचा ठरतो.

साहाय्य कोठे मिळेल? जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय हे पहिले ठिकाण. निवृत्तिवेतन आता ‘स्पर्श’ या संगणकीय प्रणालीतून दिले जाते. तेथील नोंदी तपासून घ्याव्यात. वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्यानुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, स्त्रियांना आणि अपंग व्यक्तींना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. सैनिकाच्या पत्नीनेही हे लक्षात ठेवावे.

मर्यादा आणि पथ्ये

प्रत्येक दावा टिकतोच असे नाही. रजेवर असताना खाजगी कामात झालेला अपघात आणि सेवा यांत काही संबंध दाखवता आला नाही, तर न्यायालयेही मागणी मान्य करीत नाहीत. हे त्या सोबत्यास स्पष्ट सांगणे हीदेखील मदतच आहे. खोटी आशा दाखवून दहा वर्षे खेटे घालावयास लावणे हा अन्याय आहे. तसेच लक्षणे वाढवून लिहू नयेत. एक अतिशयोक्ती सापडली की खऱ्या वेदनेवरही संशय येतो, आणि पुढच्या दहा जणांच्या कागदाकडेही त्याच नजरेने पाहिले जाते.

पैशाचे पथ्य तर कडक असावे. थकबाकीचा अमुक हिस्सा द्या, असे म्हणणाऱ्या दलालापासून दूर राहावे. कोऱ्या कागदावर सही करू नये, मूळ कागद हातचे सोडू नयेत, बँकेचा ओटीपी कोणासही सांगू नये. आम्ही पाहिलेले चांगले मदतनीस चहाशिवाय काही घेत नाहीत, आणि अर्जाची प्रत पोचपावतीसह दावेदाराच्या हाती देऊनच उठतात.

ही परंपरा आपली आहे

इतिहासाचा शिक्षक म्हणून एक गोष्ट नमूद केल्यावाचून राहवत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची सैन्यभरती बंद झाली, तेव्हा त्याविरुद्ध विनंतीपत्रे लिहिण्यात निवृत्त सैनिक अग्रभागी होते. कोकणातील गोपाळ बाबा वलंगकर हे स्वतः सैन्यातून निवृत्त झालेले. दापोलीत अशा निवृत्तिवेतनधारकांची वस्ती होती आणि सुभेदार रामजी सकपाळही निवृत्तीनंतर तेथे काही काळ राहिले. पुढे १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी भरतीचा प्रश्न थेट भारतमंत्र्यांपर्यंत नेला. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडण्यात आली. अखेर बाबासाहेबांच्या प्रयत्नांना यश येऊन १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंट स्थापन झाली.

वलंगकरांसारख्या निवृत्तांची स्वतःची सेवा पार पडलेली होती. भरती पुन्हा सुरू झाली असती, तरी त्यांना स्वतःला काही मिळावयाचे नव्हते. त्यांनी लेखणी उचलली ती मागून येणाऱ्यांसाठी. आज आपली पेन्शन सुरू झालेला एखादा हवालदार रविवारी चष्मा लावून दुसऱ्याचा मेडिकल बोर्ड वाचत बसतो, तेव्हा तो त्याच मार्गावर असतो. त्या पूर्वजांना भरतीचा हक्कच मिळवावयाचा होता. आपल्या हाती तर नियम आहेत, न्यायाधिकरण आहे आणि सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आहेत. उणीव आहे ती वाचून सांगणाऱ्याची.

म्हणून आमची माजी विद्यार्थ्यांस, पालकांस व समाजबांधवांस विनंती आहे. आपल्या गावात, आपल्या नात्यात वेळेआधी परतलेला सैनिक असेल, तर त्याला एकदा विचारा की नामंजुरीचे पत्र आले होते का, आणि ते कोठे आहे. विचारताना दया दाखवू नका. तो आपल्याकडे काही मागत नाही. पत्र सापडले, तर त्यावरील तारीख वाचा, त्याच्या दोन छायाप्रती काढा आणि जवळच्या जाणत्या माजी सैनिकाकडे त्याला स्वतः घेऊन जा. पुढचे काम ते दोघे मिळून करतील.