तक्रारीची किंमत

राजस्थानात बालविवाह रोखू पाहणाऱ्या, शासकीय योजनेतील एका साथिनीवर १९९२ साली सामूहिक बलात्कार झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या विशाखा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. कायदा व्हावयास मात्र २०१३ साल उजाडले. दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या कचेरीत आता अंतर्गत समिती बंधनकारक आहे. परंतु ती नेमते व्यवस्थापनच. बाहेरचा सदस्य सोडल्यास इतरांचा पगार, बढती, बदली त्याच्याच हाती! वरिष्ठाविरुद्धचे प्रकरण आल्यास त्यांनी कोणाकडे पाहावे? समिती न नेमणाऱ्या मालकास दंड पन्नास हजारांपर्यंत. तक्रार करणारी पणाला लावते ती नोकरी. लहान दुकानातल्या दोघीतिघींसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तिचा पत्ता दुकानात लावलेला कोणी पाहिला आहे?