ब्रेकच्या डबीची धुरकट काच

उलव्यातून अटल सेतू समोर दिसतो, पण जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या त्या पुलावर मोटारसायकलला बंदी आहे. मग उरतो आम्र मार्ग, नाहीतर गव्हाण फाट्याचा रस्ता, आणि दोन्हीकडे न्हावा-शेवा बंदराचे कंटेनर ट्रेलर. अशा गर्दीत पुढचा ब्रेक ऐनवेळी लागलाच पाहिजे. त्या ब्रेकची खबर देणारी एक छोटी काच हँडलवर, उजव्या मुठीजवळच्या डबीला असते. जुन्या गाडीत ती बहुधा पिवळट होऊन गेलेली असते आणि आत ऑइल आहे की नाही, तेच कळत नाही.

मोठ्या संख्येने बनलेल्या मोटारसायकलीवर हायड्रॉलिक डिस्क ब्रेक आला तो १९६९ च्या होंडा सीबी ७५० वर. आपल्याकडे १९९९ ची हीरो होंडा सीबीझेड आणि २००१ ची बजाज पल्सर यांनी तो तरुणांच्या हाती दिला. त्या पिढीच्या कितीतरी गाड्या आजही रोज धावतात.

लिव्हर दाबला की डबीखालचा पिस्टन ऑइल ढकलतो आणि तो दाब नळीतून कॅलिपरपर्यंत जातो. हे ऑइल हवेतला ओलावा शोषते. खाडीकाठच्या दमट हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात त्याला ओलावा मिळायला काय तोटा! डॉट ४ प्रकारचे ऑइल नवे असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की ही हमी १५५ अंशांवर येते. घाट उतरताना सतत ब्रेक दाबला आणि कॅलिपर तापला, तर आतल्या पाण्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, पण दाब पुढे पोहोचवत नाही. लिव्हर थेट मुठीला टेकतो. म्हणूनच बऱ्याच कंपन्या दर दोन वर्षांनी ऑइल बदलायला सांगतात.

ताजे डॉट ४ फिकट पिवळे असते, जुने चहासारखे तपकिरी. हा रंग दिसावा म्हणून तर काच स्वच्छ हवी.

आधी धूसरपणा बाहेर आहे की आत, ते ओल्या फडक्याने पुसून आणि टॉर्च मारून पाहावे. बहुतेक गाड्यांत ही ‘काच’ पारदर्शक प्लॅस्टिकची असते. उन्हाने बाहेरून खरखरीत झाली असेल, तर २००० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवावा आणि नंतर प्लॅस्टिकचे पॉलिश लावावे. थिनर किंवा पेट्रोल मात्र लावू नये. त्याने प्लॅस्टिकला बारीक तडे जातात.

थर आतून असेल तर झाकण उघडावेच लागते. टाकी आणि मडगार्ड ओल्या कापडाने झाकून घ्यावे, कारण ब्रेक ऑइल रंग खाते. खाऱ्या हवेत झाकणाचे स्क्रू धरून बसतात. नेमक्या मापाचा स्क्रूड्रायव्हर घट्ट दाबून फिरवला नाही, तर त्यांची खाच जाते आणि दहा मिनिटांच्या कामाला दुपार लागते. जुने ऑइल सिरिंजने ओढून घ्यावे. तंतू न सुटणारे कापड ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून काच आतून पुसावी. चिकट थर बराचसा त्यानेच सुटतो. डबीच्या तळाला बारीक छिद्रे असतात, त्यांत कचरा जाता कामा नये. मग झाकणावर लिहिलेल्या प्रकारचे, नव्या बाटलीतले ऑइल भरून कॅलिपरच्या निपलमधून जुने ऑइल आणि हवा काढावी. इंजिन ऑइलचा थेंबही नको, त्याने आतली रबरे फुगतात. हवा काढायचा सराव नसेल, तर हे काम मेकॅनिककडेच द्यावे. इथे पैसे वाचवण्यात अर्थ नाही.

काचेतच तडे असतील किंवा कडेने ऑइल पाझरत असेल, तर घासून काही होत नाही. काही गाड्यांसाठी नुसती काच सीलसह मिळते, नाहीतर मास्टर सिलिंडर बदलावा. चिकटपट्टी किंवा एम-सील लावून गाडी चालवणे धोक्याचे आहे.

काम झाल्यावर गाडी सरळ उभी करावी आणि डबी समतल राहील असे हँडल धरावे. पातळी खालच्या खुणेच्या वर हवी. काही महिन्यांनी ती खाली आलेली दिसली, तर लगेच ऑइल ओतू नये. ब्रेक पॅड झिजले की पातळी आपोआप उतरते, तेव्हा आधी पॅड तपासावेत. पॅड जाड असूनही ऑइल कमी होत असेल, तर नळीचे जोड, कॅलिपर आणि लिव्हरच्या खालची बाजू ओली आहे का, ते पाहावे.