चिकित्सालयासाठी टॅब्लेट संगणक निवडताना

'टॅब्लेट' हा शब्द ऐकला की आपणा वैद्यांच्या मनात प्रथम वटी येते. तथापि, पाटीच्या आकाराचा टॅब्लेट संगणकही आता रुग्णपत्रिका लिहिणे, साठ्याची नोंद ठेवणे व ग्रंथ चाळणे या कामी उपयोगी पडतो. औषधयोजनेपूर्वी आपण देश, काल व बल पाहतो. या खरेदीतही तसाच विचार व्हावा, कारण येथे केवळ पैशाचा नव्हे, तर वर्षानुवर्षांच्या रुग्णनोंदींचा प्रश्न असतो.

केवळ स्वस्ताईवर भिस्त ठेवल्यास काय होते, याचे उदाहरण 'आकाश' टॅब्लेटचे आहे. केंद्र सरकारने विद्यार्थ्यांसाठी तो ५ ऑक्टोबर २०११ रोजी सादर केला. त्याचा पडदा ७ इंची होता, परंतु कार्यस्मृती (रॅम) अवघी २५६ मेगाबाईट आणि बॅटरी जेमतेम तीन तास चालणारी होती. पडद्याला हलका स्पर्श पुरत नसे, बोट दाबावे लागे. किंमत आटोक्यात आली, पण काम अडले.

काम कोणते? प्रथम आपले काम कागदावर लिहून काढावे. बिले व साठा यांची अनेक प्रचलित सॉफ्टवेअर मुळात विंडोज संगणकासाठी केलेली असतात. ती अँड्रॉइड टॅब्लेटवर किंवा आयपॅडवर जशीच्या तशी चालत नाहीत. म्हणून औषधी दुकानदारांनी आपल्या सॉफ्टवेअर-विक्रेत्यास आधी विचारावे. केवळ रुग्णपत्रिका व ग्रंथवाचन हाच हेतू असल्यास अँड्रॉइड पुरेसे आहे. वाचनासाठी सुमारे १० इंची पडदा सोयीचा. ७-८ इंची पडद्यावर संहितेची टीका वाचताना डोळ्यांस ताण पडतो.

देशविचार. वर्ध्याचा उन्हाळा आपणास ठाऊकच आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. ॲपल कंपनी आयपॅड ३५ अंशांपर्यंतच्या वातावरणात वापरावा, असे सांगते. इतर टॅब्लेटांतही लिथियमची बॅटरी असतेच व अति उष्णतेने तिचे आयुष्य घटते. म्हणून टॅब्लेट उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नये, खिडकीजवळ चार्ज करू नये आणि तापल्यास शीतकपाटात मुळीच ठेवू नये. आत बाष्प साचते. गावोगावी फिरून चिकित्सा करणाऱ्यांनी सिमकार्डाची सोय पाहावी. एका जागी बसणाऱ्यांस वाय-फाय पुरते. तेलकट बोटांना पडदा नीट दाद देत नाही, हेही अभ्यंग-चिकित्सा करणाऱ्यांनी ध्यानी घ्यावे.

साठवणक्षमता. दररोज २० रुग्ण, प्रत्येकाची दोन छायाचित्रे व प्रत्येक छायाचित्र ४ मेगाबाईट धरल्यास दिवसाला १६० मेगाबाईट होतात. वर्षातील ३०० दिवसांत ही बेरीज ४८ गिगाबाईट भरते. ६४ गिगाबाईटच्या टॅब्लेटमध्ये काही जागा प्रणालीच व्यापते, त्यामुळे वर्षभरातच अडचण येईल. निदान १२८ गिगाबाईट घ्यावे.

भाषा. दुकानातच मराठी कळफलक उघडून 'मूत्रकृच्छ्र', 'अर्धावभेदक', 'द्राक्षारिष्ट' असे जोडाक्षरयुक्त शब्द टंकित करून पाहावेत. नोंदी युनिकोडमध्येच ठेवाव्यात. जुन्या टंकांत लिहिलेला मजकूर तो टंक नसलेल्या यंत्रावर अगम्य चिन्हांत दिसतो आणि शोधताही येत नाही. आयुष मंत्रालयाने २०१७ मध्ये सुरू केलेल्या 'नमस्ते' पोर्टलवर आयुर्वेदीय व्याधींच्या प्रमाणित संज्ञा व संकेतांक आहेत. ते पोर्टल टॅब्लेटवर नीट उघडते का, हेही पाहावे.

वय. सुरक्षा-सुधारणा किती वर्षे मिळणार, हे विक्रेत्यास अवश्य विचारावे. ही मुदत बहुधा ते प्रारूप बाजारात आल्यापासून मोजली जाते, आपण विकत घेतल्यापासून नव्हे. म्हणून सवलतीत मिळणारे तीन वर्षांपूर्वीचे प्रारूप वस्तुतः महाग पडू शकते. दुरुस्तीकेंद्र वर्धा वा नागपुरात आहे काय, याचीही चौकशी करावी.

रुग्णाचा विश्वास. रुग्ण आपणास जे सांगतो, ते घरातील मुलांच्या खेळण्यात जाता कामा नये. चिकित्सालयाचा टॅब्लेट स्वतंत्र असावा, त्यास कुलूपसंकेत असावा आणि हरवल्यास दुरून माहिती पुसण्याची सोय चालू ठेवावी. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला आहे. रुग्णाची माहिती जपण्याची जबाबदारी आता केवळ नैतिक राहिलेली नाही. दर आठवड्यास नोंदींची प्रत दुसऱ्या ठिकाणी काढावी. सॉफ्टवेअर बदलावे लागल्यास आपल्या नोंदी बाहेर काढता येतील काय, हा प्रश्न खरेदीपूर्वीच विचारावा.

देयक. टॅब्लेटवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. नियमित नोंदणी असलेल्या दुकानदारांनी दुकानाच्या नावे व क्रमांकासह देयक घ्यावे, म्हणजे व्यवसायासाठी घेतलेल्या टॅब्लेटवरील कराची वजावट मिळू शकते. आपसमेळ (कंपोझिशन) योजनेतील दुकानदारांस ती मिळत नाही. वैद्यांची चिकित्सासेवा करमुक्त असल्याने त्यांनी संपूर्ण किंमत खर्च म्हणूनच धरावी.

शेवटी एक विनंती. टॅब्लेट आल्यावर पहिले तीन महिने जुनी नोंदवहीही चालू ठेवावी. दोन्ही नोंदी जुळतात याची खात्री झाल्यावरच वही मिटावी.